लेकीचं गाव बर्गन : तीन फेऱ्या, चार ऋतू

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांनी दिलेल्या भाषणांपैकी एका भाषणाचा हा मजकूर.)



सचिवांनी मला फोनवर सांगितलं, "काकू, परदेश प्रवासावर अर्धा तास बोला." मी म्हटलं, अहो, प्रवास म्हणतात तसा मी केलेलाच नाही. पॅरिस नाही, लंडन नाही, स्वित्झर्लंडचा बर्फ नाही. मी एकच गाव पाहिलं आणि तेच तीनदा पाहिलं. नॉर्वे देशातलं बर्गन. समुद्राच्या काठी, डोंगरांच्या मधोमध वसलेलं, तीनेक लाख वस्तीचं. नॉर्वेत ओस्लोनंतर त्याचाच नंबर. माझी लेक तिथे असते म्हणून गेले. त्यावर ते म्हणाले, "मग त्याच गावावर बोला." म्हणून आज उभी आहे.

तीनदा का, तर त्याला एक सरकारी कारण आहे. आपल्याला जो शेंगेन व्हिसा मिळतो, त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यामुळे वर्षभराचं गाव एका दमात बघता येत नाही, हप्त्याहप्त्याने बघावं लागतं. माझे हप्ते असे. पहिला २०१७ च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, लेकीच्या बाळंतपणासाठी. दुसरा २०१९ मध्ये मे ते जुलै, तेव्हा आमचे हे सोबत होते. मग करोना आला. तिसरा २०२३ मध्ये संक्रांतीच्या आधीपासून मार्च संपेपर्यंत. एप्रिल आणि ऑगस्ट-सप्टेंबर तेवढे राहिलेत.

आपल्या सोसायटीत ज्यांची मुलं थंड देशांत आहेत, ते बहुतेक मे-जूनमध्ये जातात. इथलं ऊन चुकतं, तिथली हवा छान असते, मुलांनाही सुट्या असतात. माझं उलटं झालं. बाळ काही आपली सोय बघून येत नाही. त्यामुळे मला त्या गावाचा सगळ्यात वाईट ऋतू आधी दिसला आणि चांगला नंतर. आता मला वाटतं, हाच क्रम बरा होता. का, ते सांगते.

आधी पावसाचं सांगते, कारण बर्गन म्हणजे पाऊस.

माझं माहेर बपेरा, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या अगदी सीमेवर. तिकडच्या आम्हा धानवाल्यांना पावसाचं कौतुक नाही, त्याची गरज असते. मिरगाची वाट बघायची, पऱ्हे टाकायचे, मग रोवणीला बांधीत उतरायचं. आणि श्रावणात कधी झड लागायची. झड म्हणजे काय, हे इथे भंडारा-गोंदियाकडच्यांना सांगायला नको. धो-धो नाही, पण थांबतही नाही. तीन दिवस, सात दिवस. सरपण ओलं, कपडे ओले, गोठ्यात ढोरं अंग चोरून उभी, आणि घरात चुलीचा धूर कोंडलेला. तर बर्गनला बारा महिने झड असते. आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. बर्गनला सव्वादोन हजारांच्या वर पडतो आणि तो वर्षभर वाटून. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस तिथे रोज पाऊस झाला होता. लोक अजून त्याची आठवण काढतात आणि सांगताना थोडा अभिमानही असतो.

कारण आपल्या शाळेच्या भूगोलातलंच आहे. अटलांटिक महासागरावरून पश्चिमेचा ओला वारा येतो, किनाऱ्यालाच डोंगर उभे आहेत, वारा वर चढतो, थंड होतो आणि पाणी टाकतो. आपल्या सह्याद्रीत कोकणाच्या अंगाला जे होतं तेच. गावाभोवती सात डोंगर आहेत म्हणतात. कुठले सात, यावर तिथल्याच लोकांचं एकमत नाही. त्याच समुद्रातून एक कोमट प्रवाहही येतो. ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि बर्गन साधारण एकाच अक्षांशावर, ६० उत्तर. पण बर्गनला जानेवारीतही पारा बहुधा शून्याच्या थोडा वरच असतो. त्यामुळे बर्फ पडतो, पण टिकत नाही. फोटोतला पांढराशुभ्र हिवाळा मनात धरून जाल तर तिथे मिळेल काळा, ओला, वाऱ्याचा हिवाळा. छत्रीचा उपयोग नाही. वादळी दिवशी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात मोडक्या छत्र्या उलट्या खोचलेल्या दिसतात. लोक डोक्यापासून पायापर्यंत रेनकोट घालतात आणि आपल्या कामाला जातात. हवामान वाईट नसतंच, कपडे चुकीचे असतात, अशी त्यांची एक म्हण आहे. त्यांच्या भाषेत तिचं यमक जुळतं. पहिल्या महिन्यात मला त्या म्हणीचा राग यायचा.

बाळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालं. मी बत्तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलंय, शेकडो बाळंतपणं पाहिली. म्हणून तिथे मी जरा तयारीनेच गेले होते. डिंक, खारीक, खसखस, मेथी, बाळंतशोपा, सगळं. ओव्याची धुरी मात्र देता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. घरोघरी धुराचा गजर बसवलेला असतो. त्यांचंही बरोबर आहे. जुनं गाव सगळं लाकडी, आणि ते किती वेळा जळलंय! १७०२ ची आग मोठी, १९१६ ची मोठी, १९५५ मध्येही बंदरावरची काही जुनी घरं गेली. त्या बंदराच्या कडेला रंगीत लाकडी घरांची जी रांग उरली आहे, ब्रुग्गन म्हणतात तिला, ती १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जर्मन व्यापाऱ्यांची ती पेढी. उत्तरेकडून वाळवलेला कॉड मासा यायचा आणि इकडून धान्य जायचं. आपल्याकडे तलावातले झिंगे वाळवतात, तोच धंदा, पण चारशे वर्षं जहाजांवर चाललेला.

तर नोव्हेंबर. सकाळी नऊला दिवे लावल्याशिवाय काही दिसत नाही आणि चारनंतर पुन्हा काळोख. माणसं कोटाला चमकणारे बिल्ले लावून फिरतात, गाडीवाल्याला दिसावं म्हणून. जावई पहिले दोन आठवडे घरी होते, मग कामावर गेले. घरात मी, लेक आणि बाळ. बाहेर पाऊस.

तिसऱ्या आठवड्यात मला लेकीचं काही तरी वेगळं वाटायला लागलं. बाळ रडलं की ती उठायची, दूध पाजायची, सगळं करायची, पण चेहऱ्यावर काही नसायचं. जेवायची नाही. बाळ झोपलं तरी हिची झोप नाही. खिडकीशी बसून राहायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस गं? म्हणाली, "काही नाही, उजाडतंय का बघत होते." तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

तोवर तीन वर्षं ती तिथे होती. दर रविवारी फोनवर दिसायची. फोटो यायचे, डोंगराचे, बोटीचे, निळ्या आभाळाचे. मी इथे तुम्हा सगळ्यांना ते दाखवलेले आहेत, तुम्हाला आठवत असेल. मी तिला विचारलं, असे अंधाराचे, पावसाचे फोटो का नाही पाठवलेस कधी? तर म्हणाली, "आई, ते पाठवले असते तर तू काळजी केली असतीस." खरंय, केली असती. पण तीन नोव्हेंबर तिने एकटीने काढले आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

तिथे सरकारी आरोग्य केंद्राची परिचारिका बाळ आठ-दहा दिवसांचं झालं की घरी येते. बाळाचं वजन करते, आईशी बोलते. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगते, कारण ऊनच नाही. मोठी माणसंही हिवाळाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर पितात. ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या महिन्यात प्यायचं, असा त्यांचा जुना हिशेब आहे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल. आपल्या लहानपणी शाळेत दिलेलं ते वासाचं तेल इथल्या काही जणांना आठवत असेल.

सहा आठवड्यांनी केंद्रात बोलावलं. तिथे लेकीच्या हातात एक कागद दिला, दहा प्रश्नांचा. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, विनाकारण धास्ती वाटली का, रडू आलं का, असे. बाळाचा त्यात एकही प्रश्न नाही. मी बाजूला बसले होते. मला ती भाषा येत नाही, पण लेक एका प्रश्नावर थांबली आणि पेन तसंच धरून राहिली, एवढं मला दिसलं. मग त्या परिचारिकेने मला आणि बाळाला बाहेर पाठवलं आणि तिच्याशी तासभर बोलली. पुढे दर आठवड्याला बोलवायची. औषध लागलं नाही. कुणाला लागतं, त्यात लाजायचं काही नाही. घरी आम्ही एक नियम केला, रोज अकरा वाजता, जेवढा काय उजेड असेल तेवढ्यात, पाऊस असो की वारा, बाळाला गाडीत घालून दोघींनी तासभर चालायचं. मी साडीवर जावयाची रेनकोटाची विजार चढवून चालले आहे. फोटो आहे, पण दाखवणार नाही.

इथे बसलेल्या सासवांना आणि आयांना मला एवढंच सांगायचंय की बाळंतिणीची उदासी ही काही परदेशातली नवलाई नाही. आपल्याकडेही ती असते. फक्त आपण "नजर लागली" म्हणतो किंवा "आजकालच्या पोरींना सवयच नाही" म्हणतो. घर माणसांनी भरलेलं असलं तरी ती असते. घरी जो येतो तो बाळ कसं आहे विचारतो. तुमच्या सुनेला, लेकीला वेगळं बसवून विचारा. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरकडे न्या.

त्याच दिवसांत गावात एक गंमत बघितली. आल्याच्या मसालेदार बिस्किटांचं अख्खं गाव उभारतात, घरं, चर्च, आगगाड्या, जहाजं. बालवाड्या, शाळा, घरोघरची मंडळी एकेक घर करून आणून देतात. पुण्या-मुंबईकडे दिवाळीत पोरं किल्ले करतात ना, तसं, पण हजारोंच्या संख्येने आणि एका जागी. १९९१ पासून चालू आहे. २००९ मध्ये कुणीतरी रात्री शिरून ते सगळं मोडून तोडून टाकलं होतं. पोरं रडली. मग लोकांनी पुन्हा भट्ट्या पेटवल्या आणि थोड्याच दिवसांत गाव पुन्हा उभं केलं. लेक तिथे बराच वेळ रेंगाळली आणि बाळाला कडेवर उचलून दिवे दाखवले. मी काही बोलले नाही.

२१ डिसेंबरला सूर्य पावणेदहाला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. पावणेसहा तासांचा दिवस, तोही ढगात. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा असतो, म्हणून उत्तरायण, दक्षिणायन हे शब्द आपण पंचांगात वाचतो आणि पुढचं पान उलटतो. तिथे ते अंगावर येतं. २२ तारखेला जावयांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून सांगितलं, "आई, आता फिरला." मी परत निघेपर्यंत दिवस अर्धा तासही वाढला नव्हता. पण लेक रात्री झोपायला लागली होती.

आता दुसरा हप्ता. मे २०१९. मी यांना आधीच सांगून ठेवलं होतं की गाव फार काळोखं आहे, स्वेटर घ्या. उतरलो तर काय, ऊन! झाडांना पालवी, प्रत्येक कुंपणाशी गुलाबी-जांभळे रोडोडेंड्रॉनचे ताटवे. हे म्हणाले, "तू कुठल्या गावाबद्दल सांगत होतीस?"

तिथली दोन गोष्टींची माहिती आपल्या सोसायटीच्या कामाची आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेक राहते ती इमारत सहकारी संस्थेचीच आहे. त्यांच्याकडे बोरेट्सलाग म्हणतात. संस्था मालक, सभासदाकडे भाग आणि राहण्याचा हक्क. दरमहा देखभालीचे पैसे, निवडलेली समिती, वसंत ऋतूत वार्षिक सभा. आपल्या १९६० च्या कायद्याखालची सोसायटी आणि ही, चुलत बहिणीच. सभेत भांडणंही तीच, असं लेक सांगते. पार्किंग, पाणी गळणं आणि कुत्रं. पण एक गोष्ट आपल्याकडे नाही. जिना धुण्याची पाळी ज्या घराची असेल त्या घराच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते. जिना धुतला की ती पाटी तुम्ही शेजारच्या दाराला लावायची. कुणी रागवत नाही, कुणी आठवण करत नाही. पाटी तुमच्या दाराला लोंबकळत राहते आणि येणारे-जाणारे बघतात. आपल्या सचिवांनी ही गोष्ट टिपून घेतलेली मला इथून दिसते आहे.

दुसरी गोष्ट डुग्नाद. मे महिन्यात एक संध्याकाळ ठरवतात आणि सगळ्या सभासदांनी खाली उतरायचं. हिवाळ्यातला पाचोळा काढायचा, गटारं साफ करायची, बाकांना रंग द्यायचा, झुडपं छाटायची. सगळं विनामोबदला. शेवटी सगळ्यांना कॉफी आणि गरम वाफल. डॉक्टर असो की बस चालवणारा, हातात खराटा. यांनी तर पहिल्याच दिवशी झाडाच्या फांद्या अशा काही छाटल्या की समितीच्या बाईंनी येऊन हात मिळवला. भाषा येत नव्हती, पण विळा-कोयता हातात असला की बपेऱ्याच्या जावयाला भाषा लागत नाही. धन्यवादाला तिथे 'ताक' म्हणतात. हे घरी येऊन म्हणाले, एवढं काम केलं आणि बाईंनी नुसतं ताक दिलं.

१७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, १८१४ च्या राज्यघटनेचा. आपण प्रजासत्ताकदिनाला रणगाडे, तोफा बघतो. तिथे मिरवणूक मुलांची. शाळाशाळांची पोरं झेंडे घेऊन, बँड वाजवत जातात आणि मोठी माणसं कडेला उभी राहून ओरडतात. बर्गनची म्हणून खास एक पद्धत आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यात पोरांची पथकं असतात, बुएकोर्प्स. गणवेश, लाकडी बंदुका, आणि ढोल. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. वसंत आला की ह्यांचा सराव सुरू, संध्याकाळभर धडाडधूम. कुणाला ते ऐकून वसंत आल्याचा आनंद होतो, कुणी खिडक्या लावून घेतो. गणपतीच्या आधीच्या ढोलपथकांवरून आपल्या सभेत जे झालं ते आठवलं. असो.

जूनमध्ये सूर्य पहाटे चारला उगवतो आणि रात्री अकरानंतर मावळतो. त्यानंतरही खरा अंधार होतच नाही. पहिले आठ दिवस मजा वाटते. मग झोपेचे हाल. जाड पडदे लावून कृत्रिम रात्र करावी लागते. रात्री दहाला पोरं अंगणात खेळतात, म्हातारी माणसं बागेत माती उकरतात. जणू सगळे हिवाळ्याचं उसनं फेडून घेतात. दुपारी बापमाणसं बाळांच्या गाड्या ढकलत फिरताना दिसतात. बापासाठी राखून ठेवलेली पगारी रजा १९९३ पासून आहे, तेव्हा चार आठवडे होती. आमच्या नातवाच्या वेळी दहा आठवडे होती, नंतर पंधरा झाली. बापाने नाही घेतली तर ती बुडते, आईला मिळत नाही. आमच्या जावयांनी घेतली, आणि मुलगा तेव्हापासून बापाच्या हातूनच जेवतो.

उन्हाळ्यात बंदरात प्रचंड जहाजं लागतात. हजारो प्रवासी उतरतात, मासळीबाजारात फिरतात, ब्रुग्गनपुढे फोटो काढतात, १९१८ पासून चालणाऱ्या रुळाच्या गाडीतून फ्लोयन डोंगरावर चढतात आणि संध्याकाळी जहाजावर परत. त्यांनी बघितलेलं बर्गन खोटं नाही. पण गावात, बाजारापासून पायी अंतरावर एक जुनं लाकडी आवार आहे, तिकडे त्यांतले फार थोडे वळतात. मला मात्र तिथे जायचंच होतं.

ते सेंट योर्गन रुग्णालय. कुष्ठरोग्यांचं. पंधराव्या शतकापासूनचं, आताच्या इमारती १७०२ च्या आगीनंतरच्या. आता संग्रहालय आहे. मधे एक लांब दालन आणि दोन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, आपल्या देवघरापेक्षा थोड्या मोठ्या. एकेका खोलीत दोघं-तिघं राहायची, कित्येक जण मरेपर्यंत. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथल्या ओल्या, गरीब कोळीवाड्यांत आणि वाड्यावस्त्यांत, कुष्ठरोग एवढा होता की एकट्या बर्गनमध्ये तीन रुग्णालयं होती. १८५६ पासून त्यांनी देशभरातल्या रुग्णांची नावनिशीवार नोंदवही ठेवली. आणि याच गावात गेर्हार्ड आर्माउअर हान्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. आपण हॅन्सनचा रोग म्हणतो तो हाच माणूस. पाप नाही, शाप नाही, बापजाद्यांचं रक्त नाही, एक जंतू आहे, हे पहिल्यांदा तिथे कळलं.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं गावोगाव कुष्ठरोग सर्वेक्षणात गेली. पूर्व विदर्भात हा रोग किती, हे तुम्हाला माहीत आहे. न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा शोधायचा. डोळे मिटायला सांगायचं, कापसाचा बोळा लावायचा आणि विचारायचं, कुठे लागलं, बोट ठेवा. चट्ट्यावर लावला की माणूस गप्प. ती शांतता मला अजून आठवते. त्या काळी नुसतं नाव काढलं तरी बाई घरातून निघून जाईल की काय, अशी भीती असायची. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते ह्याच भीतीच्या विरोधात. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधोपचार सांगितला आणि चित्र पालटलं. आता सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी माणूस बरा होतो, त्याही फुकट मिळतात.

बर्गनच्या त्या दालनात उभी राहिले तेव्हा मला हान्सनचा मोठेपणा दिसला आणि दुसरीही गोष्ट वाचली. त्याने १८७९ मध्ये एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, रोगाचा अंश टोचून प्रयोग केला. तिने तक्रार केली. १८८० मध्ये न्यायालयाने त्याला रुग्णालयाच्या नोकरीतून काढलं. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध एका गरीब, रोगी बाईचं ऐकलं गेलं, तेही त्या काळी. संग्रहालयात त्यांनी हे लपवलेलं नाही. ह्या रुग्णालयातले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. बाहेर आलो तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. यांनी विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात तुला हेच बघायचं होतं?" होतं.

तिसरा हप्ता लहानच आहे. २०२३ ची संक्रांत मी तिथे केली. नातू पाच वर्षांचा. तीळ आणि गूळ इथून नेलेला. पाटीवाल्या जिन्यात दोन मजले फिरून तिळगूळ वाटला. वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. बाळ झालं तेव्हा त्यांनी लोकरीचे मोजे विणून दिले होते. त्यांना लेकीने सांगितलं की हा सूर्याचा सण आहे, सूर्य उत्तरेकडे वळला म्हणून गोड वाटतात. त्यांना एकदम पटलं. आमच्याकडे अख्ख्या संक्रांतीचं जे महत्त्व मला सांगता येत नव्हतं, ते त्यांना दोन वाक्यांत कळलं, कारण डोंगराच्या सावलीतल्या काही घरांना तिथे कित्येक आठवडे ऊन दिसत नाही.

फेब्रुवारीत दिवस रोज पाच मिनिटांनी वाढतो. नातवाने भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या, खिडकीतलं ऊन कुठवर आलं त्याच्या. मार्चमध्ये एखादी दुपार स्वच्छ निघाली की माणसं काम टाकून बाहेर येतात आणि भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून बसतात. बसस्टॉपवर, पायऱ्यांवर, कुठेही. आपण मे महिन्यात सूर्याला तोंड चुकवत सावलीसावलीने चालतो, आणि इथे ही माणसं त्याला तोंड दाखवायला बसलेली. एके दिवशी लेक तशी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला विचारलं, नोव्हेंबर कसा गेला गं यंदा? तिने डोळे न उघडताच सांगितलं की वाईटच गेला, पण आता रोज रात्री तिने फोन केला की मला कळतं ना ती कुठून बोलते ते, म्हणून बरं असतं. मला खरंच कळतं. ती स्वयंपाकघरात उभी आहे, बाहेर चार वाजलेत आणि अंधार आहे, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो पिवळा दिवा लागलाय.

ती परत येणार का, हा प्रश्न तुम्ही मला जिन्यात नेहमी विचारता. माहीत नाही. मुलगा तिथल्या शाळेत जातोय, मराठी बोलतो, पण भांडतो तिथल्या भाषेत. मी आता विचारत नाही.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी कामाचं थोडं सांगून थांबते. व्हिसासाठी तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतो, तो स्वस्तातला घेऊ नका, अटी वाचा. आपली रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, पुरतील एवढी न्या. सुती कपडे कमी, अंगालगत लोकर. उन्हाळ्यात जायचं तर खुशाल जा, पण कधी तरी एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरातही जा, मुलं नको म्हणाली तरी. विमानाचं तिकीटही तेव्हा स्वस्त असतं.

आणि लोकरीचे आतले कपडे, रेनकोट आणि तळाला खिळे असलेले बुटांचे पट्टे विकत घेऊ नका. माझ्याकडे बाईचा एक आणि माणसाचा एक, असे दोन पूर्ण जोड आहेत. ब विंग, दुसरा मजला. न्या, वापरा, धुऊन परत आणून द्या. दाराला पाटी लावून ठेवीन.